तीन नंबरला गाणी

माझ्या कॉम्प्युटरला माऊस नाही. म्हणजे आहे, टेबलाच्या खणात पडलेला आहे. पाहुण्यांबरोबर लहान पोरं आली की त्यांना खेळायला देतो. मी लिनक्स वापरतो आणि त्यावर टायलिंग विंडो मॅनेजर. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांचं आयुष्य बरं चाललेलं असतं, पण पुढचं कळायला थोडं सांगावं लागेल. यात खिडक्या एकमेकींच्या अंगावर चढत नाहीत, फरशी बसवल्यासारख्या शेजारी शेजारी बसतात. एका पडद्यावर मावेनासं झालं की दुसरा पडदा घ्यायचा. त्याला वर्कस्पेस म्हणतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. कीबोर्डवर सुपर नावाचं एक बटण असतं, ते दाबून धरायचं आणि आकडा दाबायचा, की तो पडदा समोर हजर. माझ्या एक नंबरला कोड, दोनला टर्मिनल, तीनला गाणी, चारला ऑफिसच्या गप्पा आणि मेल. वर्षानुवर्षं हेच. मला झोपेतून उठवून विचारलं तर मी चुकेन, माझी बोटं चुकणार नाहीत.

हे सगळं कॉन्फिग नावाच्या एका साध्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं आणि ती फाइल कधी म्हणजे कधी पुरी होत नाही. दोन खिडक्यांमध्ये फट किती ठेवायची, कडेचा रंग कुठला, चालू खिडकीची कड जरा जाड दाखवायची का. मी त्यात दिवसचे दिवस घालवले आहेत. वहिनी म्हणायच्या, "भावजी, कपाट आवरा म्हटलं की तुम्हाला ऐकू येत न्हाय, आन् त्यो पडदा मातर दिवसभर आवरताय." दादा त्याच्या पद्धतीनं सांगायचा. "काम कर की रं बेन्या, रांगोळी काय घालत बसलाईस त्यात!"

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. उचगावात आमच्या घरामागं शेड आहे, तिथं त्याची लेथ मशिनं. शिरोलीच्या कारखान्यांची बारीकसारीक टर्निंगची कामं तो करायचा. आवाज मशिनीपेक्षा मोठा. मी लॉकडाऊनमध्ये पुण्याहून लॅपटॉप घेऊन आलो तो परत गेलोच नाही; पुढच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करायचो आणि मागून दादाचं ओरडणं ऐकायचो. फोनवर टाइप करायचा त्याला भारी कंटाळा. साधा निरोपसुद्धा तो बोलून पाठवायचा, आणि तोही चालू लेथसमोर उभा राहून, ओरडून. "च्या झालाय, ये!" हा मेसेज फोनवर वाजायच्या आधी मला भिंतीतून ऐकू यायचा. मी ते मेसेज कधी पुसले नाहीत. त्यात जपून ठेवण्यासारखं काही होतं म्हणून नव्हे, आळसानं.

मग त्याला झटका आला. मशिनीसमोर उभा होता, खाली बसला, आणि त्यानंतर बोलला नाही. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणून पुढच्या खोलीत, माझ्या टेबलामागं खाटेवर ठेवला तेव्हा डॉक्टर म्हणाले, किती समजतंय ते आत्ताच सांगता येणार नाही. डॉक्टरांनी हे सरळ मनानं सांगितलं असेल, पण आमच्या गावात याचा अर्थ एकच झाला. भेटायला येणारी माणसं पहिल्यांदा त्याच्याशी मोठ्यानं बोलायची, बहिऱ्याशी बोलावं तशी. मग बोलायची थांबली. मग त्याच्या देखत त्याच्याबद्दल बोलायला लागली, खाट रिकामी असल्यासारखी. मला त्या माणसांचा इतका राग यायचा की मी चहा न देता आत निघून जायचो. आणि खरं सांगायचं तर भीती अशी वाटायची की त्यांचंच बरोबर असेल.

एकट्या वहिनी हटत नव्हत्या. "ह्यास्नी समदं कळतंय," त्या म्हणायच्या. पुरावा विचारला की म्हणायच्या, "माझ्याकडं बघत्यात की."

वहिनींचं माहेर नेसरीचं. त्यांचे थोरले भाऊ आले, खाटेशेजारी बसले, आणि म्हणाले की दाजींना नेसरीला घेऊन जातो. घर मोठं आहे, उचलायला-बसवायला माणसं आहेत, इथं तुम्ही दोघं किती दिवस पुरे पडणार? शेड बंद करू, मशिनं कुणाला तरी देऊ. माणूस भला. बोलला त्यात खोटं काही नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "त्यांचं त्यास्नी इचारा. न्हाय म्हटले तर मी हालू द्यायची न्हाय."

"अगं पण त्ये म्हणणार कसं?" भाऊ म्हणाले.

तेव्हा मी मध्येच बोललो, "मी बघतो."

भाऊ म्हणाले, ऊस तोडून गेला की गाडी घेऊन येतो, तोवर काय बघायचं ते बघा. म्हणजे तेवढा वेळ होता. तेवढ्यात माझ्या भावाला एक हो किंवा एक नाही म्हणता यायला हवं होतं, नाहीतर त्याची खाट, त्याचं शेड आणि त्याचं उरलेलं आयुष्य दुसरी माणसं उचलून नेणार होती. आणि 'मी बघतो' म्हणणाऱ्या माणसाला येत काय होतं, तर पडदे आवरायला.

मी तेच केलं. फोनमधले त्याचे सगळे मेसेज बसून ऐकले आणि त्यातून त्याचा आवाज कापून काढला. 'व्हय' मिळाला, 'न्हाय! अजिबात न्हाय!' मिळाला. 'पाणी आण की रं' मिळालं. दाढ दुखत होती तेव्हाचा एक मेसेज होता, 'आय्यो, लई दुखतंय रं', तोही घेतला. प्रत्येकाला एक पडदा केला, त्यावर ठळक चित्र आणि मोठ्या अक्षरात शब्द. एकला व्हय, दोनला न्हाय, तीनला दुखतंय, चारला पाणी, पाचला चहा, असं करत नऊपर्यंत. नऊला काय ठेवलं ते इथं लिहिता येणार नाही. ते दादाचं आवडतं वाक्य होतं, आणि ते म्हणता आलं नाही तर तो माणूस दादा नव्हे असं मला वाटलं.

त्याच्या डाव्या हाताला चालेल असा नऊ बटणांचा छोटा पॅड आणला. माझ्या पद्धतीत दोन बटणं एकदम दाबावी लागतात, आणि त्याला तर एकच हात. म्हणून पॅडच्या प्रत्येक बटणामागं मी सुपर लपवलं. त्यानं नुसतं तीन दाबलं तरी यंत्राला सुपर आणि तीन दाबल्यासारखं वाटावं.

राहिला प्रश्न जागेचा. दुसरा कॉम्प्युटर आणता आला असता. पण मला सगळं माझ्या हाताखाली हवं होतं, आणि त्याच्या बटणांनी माझं ऑफिसचं काम उधळायलाही नको होतं. म्हणून मी माझ्याच सेशनच्या आत त्याचं सेशन चालवलं. नेस्टेड सेशन. म्हणजे माझ्या विंडो मॅनेजरच्या एका खिडकीत दुसरा अख्खा विंडो मॅनेजर. वाड्यात भाडेकरू ठेवावा तसा, त्याचं दार वेगळं, त्याचे नंबर वेगळे. ती खिडकी मी लांब वायरीनं जोडलेल्या दुसऱ्या मॉनिटरवर पसरली आणि तो मॉनिटर खाटेच्या पायथ्याशी उभा केला. आमच्यासारखी माणसं नवी कॉन्फिग तपासायला असली सेशनं नेहमी चालवतात. आत जायचं असलं की कंट्रोल आणि शिफ्ट एकत्र दाबायचं, बाहेर यायचं असलं की परत तेच. घरात शिरताना चप्पल काढतो तसं ते हात आपोआप करतात, लक्षातही येत नाही.

पहिल्या दिवशी मी टेबलाशी बसून नऊच्या नऊ बटणं दाबून दाखवली. खाटेसमोरचा पडदा बदलत गेला आणि खोलीत दादाचा आवाज घुमला, मागं लेथची घरघर. वहिनी पिठाच्या हातानं दारात आल्या आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. झटका आलेल्या माणसाच्या डोळ्यांत असंच पाणी येतं असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून मी त्यावर विसंबलो नाही. पॅड खाटेच्या डाव्या कठड्याला पट्ट्यानं बांधला, त्याचा हात त्यावर ठेवला आणि म्हणालो, "दादा, आता तू."

काही झालं नाही.

बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या. त्या म्हणाल्या, वेळ द्या, आणि त्यांच्यासाठी तुम्ही बटण दाबू नका, त्यांच्या हाताला धरून दाबायला लावू नका. त्यांचं त्यांना करू द्या. आम्ही तसं केलं. रोज मी खाटेपाशी उभा राहून त्याच्या पडद्याकडे बघत विचारायचो. "दादा, पाणी पाहिजे? व्हय का न्हाय?" त्याचं बोट बटणावर टेकायचं, कधी कधी थरथरायचंही. पडदा ढिम्म. मला वाटलं बोटात जोर पुरत नाही. पॅडच्या बटणांच्या स्प्रिंगा काढून सगळ्यात हलक्या बसवल्या, माशी बसली तरी दाबली जातील अशा. तरी ढिम्म. शंका आली की पॅड सोडून टेबलावर आणायचो, आत जायचो, नऊही बटणं दाबायचो. सगळी चालायची. यंत्रात दोष नव्हता. मग दोष कुठं होता ते मनातल्या मनातही म्हणवत नव्हतं.

आणखी एक गोष्ट बाईंनी नजरेला आणून दिली. दादा त्याच्या पडद्याकडे बघतच नसे. पडदा पायाशी, आणि हा मान वळवून माझ्या टेबलाकडे बघत राहायचा. माझं टेबल समोरच्या भिंतीला लावलेलं, त्यामुळे काम करताना माझी पाठ त्याच्याकडे असे. खाटेवरून त्याला मी आणि माझ्या खांद्यावरून माझा मॉनिटर, एवढं दिसे. बाई म्हणाल्या, लक्ष टिकत नसावं. त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं.

त्या दिवसांत मी काय करत होतो, तर त्याच्या पडद्यांचे रंग बदलत होतो. चित्रं मोठी केली, लहान केली. पाण्याचा पेला त्याला ओळखीचा वाटावा म्हणून शेडमधल्या स्टीलच्या तांब्याचा फोटो काढून तो लावला. फट वाढवली, कमी केली. आत ढिम्म पडलेल्या माणसासाठी मी दिवसभर बाहेरून दार रंगवत होतो. हे निरर्थक आहे हे मला कळत होतं. पण थांबलो असतो तर खुर्ची वळवून त्याच्याकडे बघत बसावं लागलं असतं, आणि ते मला झेपत नव्हतं. एकदा वहिनींनी जेवायला हाक मारली आणि मी ताटावर बसून रडलो. वहिनींनी आमटी वाढली.

त्यातच माझं स्वतःचं यंत्रही उलटलं. कोड लिहीत असावं आणि पडदा आपोआप उडी मारून भलतीकडे जावा. कधी दोनला, कधी चारला. मला वाटलं कीबोर्डचं बटण अडकतंय. उलटा करून झटकला, मग साफ केला, मग बदलला. उड्या चालूच. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझा पडदा सगळ्यांना दाखवत होतो तेव्हा तो चारवर गेला आणि साहेबांबद्दल मित्राला लिहिलेलं साहेबांनीच वाचलं. पुढचं सांगत नाही. मी कॉन्फिगची ओळ न् ओळ तपासली. त्या काळात माझ्या आयुष्यात माझं ऐकणारी एकच वस्तू उरली होती आणि तीही ऐकेनाशी झाली, याचा मला जो संताप आला तो सांगून पटणार नाही.

सगळ्यात जास्त उड्या तीनला. दादाला सकाळ-संध्याकाळ उचलून बसवायचं काम माझं. उजवा हात लोंबता, म्हणून त्या बाजूनं काखेत हात घालायचा आणि झटक्यात वर घ्यायचा. मग वहिनी पाठीशी उशा लावायच्या. हे करून परत खुर्चीत येऊन बसलो की माझा पडदा हमखास तीनवर असायचा. एकवर सोडून गेलेला, आणि परत येऊन बघतो तो तीन. पहिल्यांदा मी चिडायचो. मग चिडायचाही कंटाळा आला. तीनला गाणी होती. आलोच आहे तर एखादं लावू, असं म्हणून लावायचो. वहिनींनाही बरं वाटायचं. "लावा की, ह्यास्नी बी आवडतंय," त्या म्हणायच्या. तो रिवाजच पडून गेला: दादाला बसवायचं आणि गाणं लावायचं.

एका दुपारी माझा तोल सुटला. मी विचारत होतो आणि तो माझ्या टेबलाकडे बघत होता. मी ओरडलो, "हिकडं बघ! एक बटण दाबायचं हाय, एक! मुद्दाम करतोयास काय?" त्याचं तोंड वाकडं झालं. मी जाऊन खुर्चीत आदळलो. माझा पडदा काळा झालेला. बघतो तर नऊ नंबर. माझ्या नऊला कधीच काही नसतं. मी कीबोर्डवर मूठ मारली.

ऊस गेला. नेसरीहून फोन आला की उद्या येतो.

मी वहिनींना म्हणालो, "वहिनी, माझ्यानं नाही झालं." एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या, "बरं." त्यांनी साड्या काढून बॅगेत भरायला सुरुवात केली, आणि मग थांबून दादाचे शेडमधले निळे शर्ट तेवढे वेगळे काढून परत कपाटात ठेवले.

पाहुणे चारपाच जण येणार म्हणून सकाळी खोलीत सतरंजी घालायची होती. माझं टेबल मध्ये येत होतं. मी आणि वहिनींनी ते उचलून खिडकीखाली आडवं लावलं. मला ऑफिसचं थोडं काम संपवायचं होतं, तिथंच बसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझं तोंड खाटेकडे आलं. मॉनिटरच्या कडेवरून मला दादाचा डावा हात आणि पॅड दिसत होता.

पाहुणे आले, पाणी झालं. वहिनींचे भाऊ खाटेच्या कडेला बसले आणि दादाच्या गुडघ्यावर हात ठेवून, लहान मुलाशी बोलतात तसं मोठ्यानं म्हणाले, "काय दाजी, येणार न्हवं आमच्या नेसरीला?"

माझा पडदा दोनवर गेला. मी सवयीनं एक दाबून परत आलो. परत दोन. मी दात खाऊन परत एकवर आणला आणि वर बघितलं. दादाचं बोट पॅडवर होतं. ते वर उचललं आणि खाली गेलं. माझा पडदा दोनवर गेला.

मी हात कीबोर्डवरून काढले. भाऊ वहिनींशी बोलायला लागले होते, गाडी दारापर्यंत येईल का, कोण कुठं बसेल. बोट वर, बोट खाली. दोन. दोन. दोन. दादाच्या सेशनमध्ये दोनला काय आहे ते मला आठवायला लागलं नाही.

त्या क्षणी सगळं कळलं, आणि ते कळायला मला लागलेल्या वेळाची लाज वाटली. आतलं सेशन आणि बाहेरचं सेशन, दोन्हींना मी सुपर हेच बटण दिलं होतं. असं असलं की बाहेरचं सेशन आधी झडप घालतं; आतल्याला काही मिळतच नाही. मिळावं म्हणूनच तर ते कंट्रोल-शिफ्ट दाबून आत जायचं असतं. मी तपासायला बसलो की माझे हात ते आपोआप करत होते, म्हणून माझी नऊही बटणं चालत होती. उठताना हात ते आपोआप काढतही होते. दादाला चप्पल घालता-काढता येत नव्हती. त्याचा प्रत्येक शब्द माझ्या दारात अडवला जात होता, आणि दाराशी मीच बसलो होतो.

"पावणं, थांबा," मी म्हणालो. सगळे वळले. मी कंट्रोल-शिफ्ट दाबलं आणि दोन्ही हात वर धरले, चुकून कशाला लागू नयेत म्हणून. "दादा, परत दाब. आता बोललास ते परत."

"न्हाय! अजिबात न्हाय!" दादा ओरडला. मागं लेथ चालू होती.

वहिनींचे भाऊ खाटेवरून उठून उभे राहिले. वहिनी सतरंजीवर बसल्या होत्या, त्या तशाच बसून राहिल्या आणि त्यांनी तोंडावर पदर धरला. कुणीतरी विचारलं की हे रेकॉर्ड आपोआप लागलं काय. भाऊंनी त्याला गप केलं आणि दादाच्या पुढं वाकून, ह्या वेळी माणसाशी बोलतात तसं, विचारलं, "दाजी, हितंच ऱ्हायाचं?"

"व्हय."

"शेड?" त्यांनी विचारलं. "ठेवायचं?"

"व्हय."

मग चहा झाला. दादानंही पाच दाबून मागितला आणि सगळे हसले, भाऊ हसता हसता डोळे पुसायला लागले. मला वाटलं, संपलं. इतके दिवस छातीवर बसलेलं उठून गेलं. पाहुण्यांसमोर दादाला नीट बसवावं म्हणून मी खाटेपाशी गेलो, नेहमीसारखा त्याच्या उजव्या काखेत हात घातला आणि झटक्यात वर घेतलं.

"आय्यो, लई दुखतंय रं."

मी तसाच थांबलो. माझा हात त्याच्या काखेत होता. त्याचं बोट तीनवर होतं.

मी त्याला हळूच खाली ठेवलं. "खांदा?" मी विचारलं.

"व्हय."

"रोज दुखतोय? मी उचलतो तवा?"

"व्हय."

मी खिडकीखालच्या टेबलाकडे बघितलं, मग समोरच्या रिकाम्या भिंतीकडे, जिथं ते इतके दिवस होतं. खाटेवरून ती भिंत सरळ दिसत होती. दादाचं बोट दाबलं जायचं तेव्हा त्याच्या पायाशी असलेला पडदा हलायचा नाही, पण माझा हलायचा, आणि तो त्याला रोज दिसायचा. म्हणून तर तो तिकडे बघत होता. त्याच्या हिशेबानं निरोप पोचत होता. तो तीन दाबायचा, माझ्या पडद्यावर तीन यायचा, मी येऊन बसायचो, तो तीन बघायचो, आणि गाणं लावायचो. सकाळी एक, संध्याकाळी एक.

मी खाटेशी खाली बसलो. पाहुणे होते, वहिनी होत्या, तरी विचारलं.

"दादा, तुझं दुखतंय हे मला कळतंय आन् मी मुद्दाम करतोय, असं वाटत हुतं व्हय तुला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. बोट कितीतरी वेळ एकवर होतं, दाबलं मात्र नाही. मग ते हळूहळू पॅडवरून खाली सरकत गेलं, आणि त्यानं नऊ दाबलं. मग परत दाबलं.